लीथल हिटनं आपोआप झालेली जखम डेव्हास्टेटिंग धरायची का? (मावसभावाशी भांडण झालंय, मिटवा)

उद्यमनगरचा_पॅटर्नवाला

नमस्कार मंडळी, कोल्हापूरहून. प्रश्न वॉरहॅमर 40 हजारचा, म्हणजे छोट्या मॉडेलांच्या फौजा टेबलावर मांडून फाशांनी लढायच्या खेळाचा, आणि एका ओळीचा आहे, पण आधी भांडण सांगतो. त्याशिवाय माझं दुखणं कळायचं नाही.

मी पॅटर्नमेकर आहे. फौंड्रीवाल्यांना लागणारे पॅटर्न (ओतकामाचा साचा ज्यावरून उठवतात ते नमुने) आणि कोअर बॉक्स करून देतो. वर्कशॉपच्या पोटमाळ्यावर 30 बाय 22 इंचाच्या चार प्लाय जोडून 60 बाय 44 चं टेबल बनवलंय. इमारती विकत घ्यायचं बजेट नाही. रायझरच्या फुटक्या स्लीव्ह उभ्या केल्या की टाक्या झाल्या, आणि सिरॅमिक फोमचे फिल्टर वाकडेतिकडे तोडले की बॉम्ब पडलेल्या भिंती. रंग मारल्यावर ओळखू येत नाहीत, फक्त हात लावला की बोटाला पांढरं लागतं.

समोर मावसभाऊ. वॉरहॅमर 40 हजार, दहावी आवृत्ती. जून 2023 मध्ये आलेला लेव्हायथन बॉक्स आम्ही दोघांत घेतला होता. मरीन (चिलखती सैनिक) मला, टायरानिड (परग्रहावरची जनावरं) त्याला. बॉक्समध्ये 72 मॉडेल, त्यातली माझी 25 आणि त्याची 47. पैसे मात्र निम्मे निम्मे. हे मी अजून विसरलेलो नाही, आणि पुढचं वाचताना तुम्हीही विसरू नका.

तर परवाचा सामना. त्याचा स्क्रीमर-किलर, मोठं जनावर, माझ्या स्टर्नगार्ड बंदूकवाल्यांसमोर येऊन उभा. मूळचे 10 वुंड (इतके घाव सोसतो), माझ्या बॅलिस्टस यंत्रानं आधीच झोडपून 3 वर आणलेला. माझे पाच स्टर्नगार्ड, सगळ्यांकडे बोल्ट रायफल, सोबत लेफ्टनंट. बॉक्समधला कॉम्बी-वेपनवाला लेफ्टनंट नव्हे, तो एकटा फिरणारा, कुणाच्या युनिटमध्ये शिरत नाही. हा साधा वेगळा घेतलेला. तो युनिटमध्ये असला की सगळ्यांच्या हत्यारांना लीथल हिट्स मिळतं (नेमाच्या, म्हणजे हिटच्या फाशावर सहा पडला की जखम आपोआप). ओथ ऑफ मोमेंट (निवडलेल्या एका शत्रू युनिटवरची सवलत) मी सकाळच्या घाईत दुसऱ्याच युनिटवर लावून बसलो होतो, तो मूर्खपणा वेगळा.

अंतर मोजलं. बरोब्बर 12 इंच. रायफलीचा पल्ला 24, म्हणजे निम्म्या पल्ल्यात, म्हणजे रॅपिड फायरचा एक जादा फासा. माणशी दोन अधिक एक तीन, पाच त्रिक पंधरा. लेफ्टनंटची स्वतःची बंदूक हिशेबात धरत नाही. जागेवरून हललो नव्हतो, म्हणून हिटच्या फाशाला हेवीचा +1.

15 फासे टाकले. 4 सहा! शिवाय 3 पाच, दोन एक्के फुकट, बाकीचे सहा फासे दोन ते चारमध्ये. आता मी म्हटलं, चार सहा म्हणजे चार क्रिटिकल हिट. लीथल हिट्समुळं चारी आपोआप जखमा. आणि स्टर्नगार्डच्या बोल्ट रायफलीला डेव्हास्टेटिंग वुंड्स आहे, म्हणजे सेव्ह (घाव अडवायचा फासा) नाहीच, इन्व्हल्नरेबल (कशानंही न घटणारा सेव्ह) सुद्धा नाही. चार डॅमेज, उरलेत तीन, उचल तुझं जनावर. हेवीचा एक मिळवून ते तीन पाचसुद्धा सहाच होतात, तेही मी बाजूला काढायला लागलो होतो. तेव्हा तो जो हसायला लागला, तिथून भांडण सुरू झालं.

त्याचं म्हणणं, लीथलनं जखम झाली हे कबूल, पण ती साधी जखम. सेव्ह मी टाकणार. 2+ चं चिलखत, तुझ्या रायफलीचा एक वजा, म्हणजे 3+, तीन किंवा जास्त पडलं की वाचलो. आणि त्यानं टाकले. तीन, तीन, पाच, सहा. मी ते फासे अजून डोळ्यांसमोरून हलवू शकलेलो नाही.

राहिलेल्या 9 हिटना मी जखमेचे फासे टाकले. रायफलीची ताकद 4, त्याचा टफनेस (चिवटपणा) 9, निम्म्याहूनही कमी, त्यामुळे सहाच लागतो. एक सहा पडला. तो डेव्हास्टेटिंग आहे हे त्यानं न कुरकुरता मान्य केलं. तिनातले दोन उरले. पुढच्या टर्नला त्या दोन वुंडवरच्या जनावरानं चार्ज करून माझे पाचही स्टर्नगार्ड खाल्ले, वर लेफ्टनंट तोंडी लावायला.

मी रात्री पुस्तक घेऊन बसलो. क्रिटिकल म्हणजे सहा, हे लिहिलंय. आपोआप जखम, हेही लिहिलंय. मग सहानं झालेली जखम क्रिटिकल कशी नाही? भाऊ एकच वाक्य म्हणतो, "जखमेचा फासा तू टाकलासच कुठं?" मला हे वकिली वाटतंय. कुणीतरी नीट समजावून सांगा. पुस्तकात काय छापलंय ते सांगा, "मित्रांत काय एवढं" असलं सांगू नका. मित्र नाही, मावसभाऊ आहे.

---

सांगलीकर_ऑर्क

भावा तुझंच बरोबर. आपोआप जखम म्हणजे अडवताच न येणारी जखम, अजून काय? आम्ही तर असंच खेळतो. चार सहा टाकून माणूस हरत असेल तर फासे टाकायचेच कशाला, मुकाट भडंग खात बसू.

आणि 25-47 चं वाचून वाईट वाटलं. पैसे मॉडेलच्या हिशेबानं वाटायला पाहिजे होते.

---

तालमीतला_टर्मिनेटर

सांगलीकर, पोराला चुकीच्या वाटेला लावू नका.

पॅटर्नवाले, मी वयानं मोठा आहे म्हणून एकेरीत बोलतो, राग मानू नको. पोराच्या नादानं हा खेळ शिकलो. त्याआधी सगळं आयुष्य तालमीत गेलं. शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबागेत वडिलांच्या खांद्यावर बसून कुस्त्या बघितल्यात आणि आता गावच्या यात्रेत पंच म्हणून उभा राहतो. त्यामुळे नियमावरची भांडणं हा माझा रोजचा रतीब.

तुझा मावसभाऊ वकिली करत नाही. तो बरोबर आहे.

हल्ल्याचा क्रम बघ. आधी हिटचा फासा, मग जखमेचा फासा, मग घाव कुणाच्या अंगावर जाणार ते ठरवायचं, मग सेव्ह, मग डॅमेज. क्रिटिकल हिट म्हणजे हिटच्या फाशावर पडलेला सहा. क्रिटिकल जखम म्हणजे जखमेच्या फाशावर पडलेला सहा. नावात दोन्हीकडं क्रिटिकल आहे म्हणून तू दोन्ही एकाच दावणीला बांधलेस.

आता लीथल हिट काय करतं? ते तुला जखमेच्या फेरीत पुढे चाल देतं. समजा स्पर्धा आहे. पहिल्या फेरीत तू असा काही डाव मारलास की संयोजक म्हणाले, याला दुसऱ्या फेरीत पुढे चाल. तू सरळ तिसऱ्या फेरीत गेलास. झकास. पण तिथं जाऊन तू म्हणतोयस की दुसऱ्या फेरीतली कुस्तीही मी चितपट केली, तिचं बक्षीस द्या. अरे, कुणाला चितपट केलास? दोन्ही खांदे मातीला लागले ते कुणाचे? आखाड्यात तुझ्यासमोर कुणी उतरलंच नव्हतं. पुढे चाल मिळाली की त्या फेरीतलं सगळंच हुकतं, हरायची भीती गेली तशी चितपटीचा मानाचा फेटाही गेला.

डेव्हास्टेटिंग वुंड्स हे चितपटीचं बक्षीस आहे. जखमेचा फासा हातात घेऊन सहा पाडलास तरच. त्या नऊ फाशांत एक पडला, त्याचं बक्षीस तुला मिळालं की.

दुसरं, ते पाच. हेवीचा एक मिळवून पाचाचा सहा केलास तर हिट लागायला तो सहा धरतात, क्रिटिकलला नाही. पैलवान काट्यावर उघड्या अंगानं उभा राहतो आणि जे भरतं ते वजन. खिशात दगड घालून भरलेलं वजन पंच मोजत नाही. फासा टेबलावर थांबला तेव्हा वर जे ठिपके दिसतात तेवढेच. उलटंही तसंच आहे, फाशावर एक्का पडला तर वरून काहीही मिळवलंस तरी चुकलाच.

चार सेव्ह सलग निघाले, त्याला मात्र माझा इलाज नाही. असं आम्ही मैदानातही बघितलंय, पाय घसरून कुस्ती जाते.

---

रंकाळ्याची_संख्याशास्त्रज्ञ

दादांनी बरोबर सांगितलं. मी फक्त आकडे देतो. (मुलगीच आहे, पण कोल्हापूरची आहे. आमच्यात 'देतो'च म्हणतात. बाहेरच्यांनी गोंधळू नये.)

पॅटर्नवाल्यांना वाटतंय की लीथल हिट्समुळं त्यांचं नुकसान झालं. झालं का? बघू. फक्त ते चार सहा घ्या, कारण बाकीच्या नऊ हिटना लीथलनं काही फरक पडत नाही.

लीथल नसतं तर चारी हिटना जखमेचा फासा टाकावा लागला असता. टफनेस 9 ला ताकद 4, म्हणजे सहाच हवा. इथं गंमत अशी की लागलेली प्रत्येक जखम सहाचीच, म्हणजे प्रत्येक जखम क्रिटिकल, सेव्ह नाही. चार फाशांत सरासरी 0.67 सहा. तेवढंच डॅमेज.

लीथल होतं तेव्हा चार जखमा हातात, समोर 3+ चा सेव्ह. तीनपैकी एक सेव्ह चुकतो. सरासरी 1.33 डॅमेज. म्हणजे बरोबर दुप्पट. लेफ्टनंटनं तुमचं कामच केलं होतं. मावसभावाला चारी सेव्ह मिळण्याची शक्यता 81 पैकी 16 वेळा, पाचातून एकदा म्हणा. एवढी काही ती अघटित घटना नव्हे. आणि 15 फाशांत सरासरी अडीच सहा पडतात, तुम्हाला चार पडले होते, ते नशीब कुणी मोजत नाही.

आता उलटं उदाहरण, कारण इथं खरंच नुकसान होतं आणि मी स्वतः ते केलंय. स्टर्नगार्डना बोल्ट रायफलीऐवजी कॉम्बी-वेपन देता येतं. त्याला अँटी-इन्फंट्री 4+ आहे आणि डेव्हास्टेटिंगही आहे. अँटीचा अर्थ असा की इन्फंट्रीवर जखमेच्या फाशावर 4, 5, 6 काहीही पडलं तरी ती क्रिटिकल जखम. समोर टर्मिनेटर (जड चिलखताचे मरीन) ठेवा. टफनेस 5, प्रत्येकी 3 वुंड, 2+ सेव्ह. एरवी 4 च्या ताकदीला त्याच्यावर जखम करायला 5 लागतो, पण अँटीमुळं चार पडला तरी चालतं, कारण क्रिटिकल जखम लागतेच.

समजा सहा क्रिटिकल हिट मिळाले. लेफ्टनंट नसेल तर सहा फासे टाका, सरासरी तीन क्रिटिकल जखमा, सेव्ह नाही, 3 डॅमेज. एक अख्खा टर्मिनेटर गेला. लेफ्टनंट असेल तर सहाच्या सहा आपोआप जखमा. वाचायला काय भारी वाटतं! पण आता समोरचा 2+ वर सेव्ह टाकणार, कॉम्बी-वेपनला चिलखत कापण्याची काही ताकद नाही, सहातला एक चुकणार. 1 डॅमेज. टर्मिनेटरला खरचटलं. 3 चा 1 झाला, आणि त्यासाठी आपण लेफ्टनंटचे पॉइंट मोजले.

म्हणजे क्रिटिकल हिटवर तोच अधिकारी रायफलवाल्यांना स्क्रीमर-किलरवर दुप्पट देतो आणि कॉम्बीवाल्यांना टर्मिनेटरवर तिपटीनं बुडवतो. मी ह्या हिशेबाआधी तीन सामने कॉम्बी आणि लेफ्टनंट एकत्र खेळवले. फाशांनाच शिव्या घालत होतो.

"मग लीथल वापरायचं नाही असं म्हणता येईल का?" असं कुणीतरी विचारणारच. 2023 च्या छापील पुस्तकात 'आपोआप' आहे, 'हवं असल्यास' नाही. ॲपमधल्या ताज्या मजकुरावर खेळत असाल तर पहिला फासा टाकायच्या आधी दोघांनी तो परिच्छेद उघडून वाचा. शब्द बदलत राहतात या खेळात.

बदलावरून आठवलं. डेव्हास्टेटिंगचे जादा घाव पुढच्या मॉडेलवर सांडतात का, हा वाद अजून कोण कोण घालतं. आवृत्ती आली तेव्हा सांडत होते, एका मोठ्या तोफेच्या घावात तीन-चार जणांची रांग साफ व्हायची. सप्टेंबर 2023 च्या बदलानंतर सांडत नाहीत, ज्याला लागलं त्याच्यापुरतं. पॅटर्नवाल्यांना दोन्हीकडून काही देणंघेणं नाही. रायफलीचं डॅमेज 1 आणि समोर जनावर एक. वाटीत चमचाभर रस्सा, तो सांडणार कुठं?

---

उद्यमनगरचा_पॅटर्नवाला

दादा, ताई, दोघांचे आभार. पुढे चाल वाचल्यावर पाच मिनिटं गप्प बसलो होतो.

माझ्या भाषेत मला असं समजलं. कास्टिंगला मधे भोक पाहिजे असेल तर मोल्डमध्ये कोअर बसवावा लागतो. मेटल त्याच्याभोवती जातं आणि कोअर झडला की भोक राहतं. आता कुणी मोल्डरनं कोअर न बसवताच बॉक्स बंद केला आणि मेटल ओतलं, तर कास्टिंग निघेल, भरीव निघेल, मजबूत निघेल. पण ड्रॉइंगवर भोक आहे म्हणून भोक येणार नाही. लीथलनं माझा कोअर बसवायचा टप्पाच उडवला. मी फेटलिंगला (कास्टिंग साफ करायला) उभा राहून भोक शोधत होतो. दिवसभर दुसऱ्यांना हेच ओरडून सांगतो आणि स्वतःच्या पोटमाळ्यावर कळेना.

फक्त ताई, "फाशांना शिव्या" वाचून बरं वाटलं. एकटा नाही म्हणायचं.

सांगलीकर, तुमच्याकडचे निकाल परत काढावे लागतील बघा.

आता दुसरा प्रश्न. लेफ्टनंट स्टर्नगार्डमधून काढून इन्फर्नसमध्ये, म्हणजे आगीच्या बंदुकांवाल्या मरीनांत, घातला तर? पाच पायरब्लास्टर, ढीगभर हिट पडतात, त्यावर लीथल. बॉक्समध्ये दहा इन्फर्नस आलेत आणि त्यांना अजून एकदाही नीट कामाला लावलेलं नाही.

---

सांगलीकर_ऑर्क

निकाल काढणार नाही. वर्षभराचे आहेत.

पण कोअरचं उदाहरण पटलं.

---

कोथरूडचा_इन्फर्नस

पुण्यातून लिहितोय, मूळचा गडहिंग्लजचा, त्यामुळे घुसखोर समजू नये.

पॅटर्नवाले, पायरब्लास्टरला टॉरंट आहे. टॉरंट म्हणजे हिटचा फासा टाकायचाच नाही, सगळे लागले. आता तुमचंच कोअरचं गणित एक पायरी मागं सरकवा. फासा नाही तर सहा नाही, सहा नाही तर क्रिटिकल हिट नाही, क्रिटिकल हिट नाही तर लीथल कशावर लावणार? आगीच्या बंदुकांना तुमचा लेफ्टनंट शून्य देतो. त्यांच्या पिस्तुलांना आणि हातघाईला लीथल मिळेल, पण इन्फर्नसला कुणी हातघाईसाठी ठेवत नाही. सस्टेन्ड हिट्सचंही (सहा पडला की जादा हिट) तसंच, टॉरंटला त्याचा उपयोग नाही.

आणि सस्टेन्ड निघालंच आहे तर, एकाच हत्याराला सस्टेन्ड आणि लीथल दोन्ही असेल तर सहा पडलेली मूळ हिट आपोआप जखम करते. सस्टेन्डनं मिळालेली जादा हिट क्रिटिकल नसते, तिला जखमेचा फासा वेगळा टाकायचा. यावरून एका दुकानातल्या टेबलावर मी दोन मोठ्या माणसांना तासभर एकमेकांशी न बोलता खेळताना बघितलंय. मोजमापाची टेपसुद्धा तिसऱ्याच्या हातून एकमेकांना देत होते.

इन्फर्नसला कामाला लावायची जागा ओव्हरवॉच. समोरच्याच्या टर्नला एक कमांड पॉइंट खर्चून गोळ्या झाडायच्या, पण त्यात फाशावर उघडा सहा पडला तरच हिट. हेवी, गिवी काही चालत नाही. तुमच्या स्टर्नगार्डनी निम्म्या पल्ल्यात 15 फासे टाकले तर सरासरी अडीच हिट. टॉरंटला हिटचा फासाच नाही, त्यामुळे ही अटच त्याला शिवत नाही. पाच पायरब्लास्टर, प्रत्येकी एका फाशाइतके हल्ले, सरासरी साडेसतरा. अडीच आणि साडेसतरा! जो नियम लीथलच्या वेळी तुमच्या आड आला तोच इथं तुमच्या बाजूनं उभा आहे. पल्ला मात्र 12 इंचच, तेवढं जवळ येऊ द्यावं लागतं आणि तोवर घाबरायचं नाही.

पुढच्या खेपेला इन्फर्नस स्टर्नगार्डच्या पुढं ठेवा. मावसभावाला चार्जच्या आधी विचार करू दे.

---

मावशीचा_धाकटा

दादा, इथं येऊन रडलास होय. आईनं लिंक पाठवली. तिला कुणी पाठवली ते तूच शोध.

मी तोच मावसभाऊ. 47 मॉडेलमधली तीसेक ही बोटाच्या पेराएवढी गाँट आहेत, तुझे ते पाच टर्मिनेटर वजनाला माझ्या अख्ख्या कळपाएवढे भरतात. हे तू इथं सांगितलं नाहीस. असो.

मला दुसरं बोलायचंय. ही सगळी मंडळी लीथल आणि डेव्हास्टेटिंगवर इतकं डोकं चालवताहेत, पण 15 फासे आले कुठून? "बरोब्बर 12 इंच." कशानं मोजलंस दादा? टेप तुझ्या बेंचखाली पडली होती म्हणून तू ड्रॉवरमधली स्टीलची पट्टी काढलीस. काल तुझ्याकडं चहाला आलो तेव्हा ती हातात घेऊन बघितली. कोपऱ्यात बारीक अक्षरात सी.आय. (कास्ट आयर्न, म्हणजे बीड) कोरलंय.

इतरांसाठी सांगतो. ती कॉन्ट्रॅक्शन स्केल आहे. बिडाचं कास्टिंग गार होताना फुटाला साधारण एक सूत (इंचाचा आठवा भाग) आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो, आणि दर वेळी हिशेब नको म्हणून पॅटर्नवाल्यांची पट्टीच मुळात फुटाला एक सूत लांब असते. तिच्यावरचे 12 इंच म्हणजे खरे 12 इंच 1 सूत.

निम्मा पल्ला 12. तू त्याच्या एक सूत बाहेर होतास. रॅपिड फायर नाही. 15 नव्हे, 10 फासे. आता सांग, कुठले पाच काढायचे? मी म्हणतो चार सहा आणि जखमेला सहा पडला तो हिट. माझ्या जनावराचे तीन वुंड तीनच होते.

---

तालमीतला_टर्मिनेटर

पंच म्हणून तीस वर्षं उभा आहे. आखाडाच मापात नव्हता, ही तक्रार पहिल्यांदा ऐकतोय.

---

रंकाळ्याची_संख्याशास्त्रज्ञ

कुठले पाच काढायचे याचं उत्तर माझ्याकडं आहे, पण दोघांनाही आवडणार नाही. ते फासे कुणाच्या बंदुकीचे कुठले हे वेगळं ठेवलं नव्हतं, त्यामुळे सगळेच परत टाकावे लागतील. दहा.

---

उद्यमनगरचा_पॅटर्नवाला

पट्टीचं खरं आहे. आता जाऊन बघून आलो, सी.आय. आहे. टेप बेंचखालीच होती, भुशात.

पण बारक्या, त्या दिवशी सगळंच त्या पट्टीनं मोजलं होतं. तुझ्या जनावराची 8 इंचाची मूव्ह तीन टर्न, तुझ्या गाँटांची सगळी पळापळ, तुझे चार्ज. तू टर्नमागं किती सूत खाल्लेस ते आधी मोज, मग माझ्या एका सुताला हात लाव. शेवटचा चार्ज तर अख्खा त्याच पट्टीवर झालाय.

ताई म्हणतात तसं दहा फासे परत टाकू. 3 वुंडवरून. टेबल अजून तसंच आहे, फक्त एक टाकी मांजरानं पाडलीय. ओथ मात्र या खेपेला मी स्क्रीमर-किलरवर लावणार, ती दुसऱ्या युनिटवर होती हे मी विसरलोय असं समज.

रविवारी ये. मावशीला लिंक कुणी दिली ते मला कळलंय, त्यांच्याशी वेगळं बघतो. येताना टेप तू घेऊन ये, कापडवाल्याची नको, ती ताणते.